तीन माणसं, किती ट्रॅक?

अण्णांना मी रेकॉर्डिंगसाठी आमच्या बेडरूममध्ये बसवलं होतं. खिडकीला दोन गोधड्या, दाराच्या फटीला चादर, कानावर हेडफोन आणि पुढ्यात तबला-डग्गा. तीनतालाचा लेहरा, म्हणजे तबल्याला ताल धरून देणारी तीच ती धून, मी आदल्याच रात्री पेटीवर वाजवून ठेवला होता, लय मोजणाऱ्या मेट्रोनोमच्या टिकटिकीवर, चांगली वीस मिनिटं. आता तो ऐकत अण्णांनी तबला वाजवायचा, रविवारी वहिनींनी येऊन दोन्हींवर गायचं, की झालं. हिशेब सरळ होता.

चार मिनिटांत आतला तबला थांबला. दार उघडून बघतो तर अण्णा हेडफोन गळ्यात अडकवून घाम पुसत बसलेले. पंखा बंद ठेवा असं मीच सांगितलं होतं.

"काय झालं?"

"काय व्हायचंय? वाजवतोय की. पण कुणाकडं बघून वाजवू? कपाटाकडं?"

अण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. यंत्राबद्दल त्यांना आकस नाही, उलट माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी उठता उठता त्या रेकॉर्डरकडे त्यांनी असं बघितलं, जसं दारात आलेल्या वर्गणीवाल्याकडे बघावं.

आम्ही तिघं दर गुरुवारी सांगलीतल्या आमच्या हॉलमध्ये बसतो. वहिनी गातात. त्या माझ्या मित्राच्या पत्नी, शाळेत गणित शिकवायच्या. अण्णा तबल्यावर, मी पेटीवर. मैफल म्हणावं असं काही नाही, पण सोळा वर्षांत चुकलेले गुरुवार बोटांवर मोजता येतील. गेल्या वर्षी माझ्या डोक्यात शिरलं की हे नीट रेकॉर्ड करायचं. मोबाइल सतरंजीवर ठेवून केलेली रेकॉर्डिंगं होती ढीगभर, पण त्यांत डग्गा म्हणजे कुणी तरी शेजारच्या फ्लॅटमध्ये गादी झोडपतंय असा ऐकू येतो. आवाज वेगवेगळे घ्यावेत, मग निवांत बसून त्यांचं प्रमाण जमवावं, एवढीच इच्छा. भाच्याकडे एक छोटा मल्टिट्रॅक रेकॉर्डर पडून होता, गिटार सुटल्यापासून. खोक्यावर ठळक अक्षरात '८ ट्रॅक' लिहिलं होतं. आम्ही तीन माणसं. आठ म्हणजे चैनच, असं मला वाटलं.

फसगत झाली ती इथेच, आणि दोष माझ्या वाचण्याचा. आठ ट्रॅक म्हणजे त्या डब्यात आठ आवाज एकावर एक रचता येतात. एका वेळी आत किती घेता येतात हा आकडा वेगळा असतो आणि तो बारीक अक्षरात असतो. त्या डब्यात एका वेळी दोनच. छोट्या यंत्रांत हे सर्रास आहे. टॅस्कम कंपनीचं डीपी-००८ईएक्स घ्या, नाहीतर झूम कंपनीचं आर८. दोन्ही आठ ट्रॅकची, दोन्हीत एका दमात दोनच आवाज. त्यात लबाडी कुणाचीच नाही. ती यंत्रं ज्याच्यासाठी केली आहेत तो माणूस एकटा असतो. आधी गिटार वाजवतो, मग त्यावर बास, मग गातो, मग स्वतःच्याच गाण्याला स्वतःच साथ करतो. त्याला आवाज आत घ्यायच्या दोन वाटा पुष्कळ झाल्या.

एकट्या माणसाची ही हौस मला अनोळखी नाही. १९९१ साली, कॉलेजात असताना, मी हाच उद्योग दोन टू-इन-वन, म्हणजे रेडिओ-टेपरेकॉर्डर, घेऊन केला होता. एक आमचा, एक शेजाऱ्यांकडून अर्ध्या दिवसासाठी मागून आणलेला. पहिल्यावर पेटी रेकॉर्ड करायची, ती मोठ्याने लावायची, तिच्यासमोर बसून गायचं आणि हे दोन्ही दुसऱ्यावर घ्यायचं. मग कॅसेटींची अदलाबदल करून तिसऱ्या फेरीला टाळ. तिसऱ्या फेरीपर्यंत पेटी गाण्याच्या मागे पार गोणपाटात गुंडाळल्यासारखी व्हायची आणि टेपची सळसळ मात्र दर फेरीला वाढत जायची. शिवाय दोन यंत्रांचा वेग तंतोतंत एक नसायचा, त्यामुळे काळी एक या सुराची पेटी तिसऱ्या फेरीत काळी एकच्या किंचित वर चढून बसायची. टाळ बेसूर होत नाहीत, हा त्यांचा केवढा गुण आहे, ते मला तेव्हा कळलं.

मला पत्ता नव्हता, पण या खटाटोपावरचा उतारा टीअॅक कंपनीने १९७९ सालीच काढलेला होता. पोर्टास्टुडिओ १४४. साध्या कॅसेटच्या फितीवर चार पट्टे असतात, दोन एका बाजूचे, दोन दुसऱ्या बाजूचे. या यंत्राने चारही पट्टे एकाच दिशेने वापरले आणि फीत दुप्पट वेगाने पळवली, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरऐवजी साडेनऊ. आवाज सुधारला आणि चार ट्रॅक घरच्या टेबलावर आले. बदल्यात साठ मिनिटांची कॅसेट पंधरा मिनिटांत संपायची. चार कमी पडले तर तीन भरून त्यांचं मिश्रण चौथ्यावर उतरवायचं आणि ते तीन पुसून पुन्हा वापरायचे. मिश्रणात तबला कमी पडला असेल तर पडला. पानात वाढलेलं पुन्हा पातेल्यात जात नाही.

आणि त्याच्याही आधी, १९५०च्या दशकात, लेस पॉल नावाच्या अमेरिकन गिटारवादकाने हा एकावर एक आवाज रचण्याचा नाद घरी बसून इतका वाढवला, की अँपेक्स कंपनीने त्याच्यासाठी आठ ट्रॅकचं अवाढव्य यंत्र बनवलं. एक माणूस, एक खोली, रात्रीची वेळ. मल्टिट्रॅक जन्मलाच मुळी असा.

आता यात अण्णांना बसवून बघा.

वहिनी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येण्याआधी, साधारण दोन मात्रा अगोदर, हनुवटी जराशी उचलतात. त्यांना स्वतःला हे ठाऊक नाही. अण्णा तेवढ्यावर तिहाई बांधतात, एकच बोल तीनदा वाजवून समेवर येतात. वहिनींनी तान लांबवली की अण्णांचा डावा हात डग्ग्यावर नुसता टेकून राहतो, दाबत नाही, आणि मी पेटीवर एका सुरावर थांबतो, कारण त्या कुठे उतरणार हे मला अजून कळलेलं नसतं. पेटीवाला गाणाऱ्याच्या अर्धा पाऊल मागे असतो. ते अर्धं पाऊल म्हणजेच साथ. मी आदल्या रात्री वाजवून ठेवलेला लेहरा कुणाच्याच मागे नव्हता. तो पुढे चालत होता, रेल्वेसारखा, आणि अण्णांना त्यात चढायला सांगितलं होतं. लयीचं म्हणाल तर आमची लय अर्ध्या तासात थोडी चढते. चढावी लागते. मेट्रोनोमला ते चूक वाटतं.

तेव्हा प्रश्न बदलला. डब्यात किती ट्रॅक, ते राहू दे. एका वेळी किती माणसं आत घेतो, ते सांगा.

मुलगा पुण्यात असतो, सॉफ्टवेअरमध्ये. त्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "बाबा, तुमच्याकडे लॅपटॉप आहे ना? आठ इनपुटचा ऑडिओ इंटरफेस घ्या, आठ माइक त्यातून लॅपटॉपला जोडता येतील, विषय संपला. हा वेगळा डबा आता कोण घेतं?"

त्याचं म्हणणं चुकीचं नाही, आणि खर्चाच्या दृष्टीने तर बिलकूल नाही. पण लॅपटॉपने एकदा माझ्याशी असं केलंय की यमन रंगात आलेला असताना त्याने अपडेट होऊन पुन्हा सुरू होण्याची तयारी चालवली. त्याचा पंखा माइकला ऐकू येतो तो वेगळाच. आणि खरं कारण सांगू? पडदा समोर असला की मी गाणं बघायला लागतो. आवाजाच्या त्या हिरव्या लाटा सरकत असतात आणि माझे डोळे त्यांच्यावर. वहिनींची हनुवटी राहते बाजूला. मुलाला एवढं सगळं सांगितलं नाही. "बघतो," म्हटलं.

मग महिनाभर मी बारीक अक्षरं वाचली. निवृत्त माणसाला याहून चांगलं काम नाही.

यंत्रं दोन-तीन जातींची निघाली. एक ती छोटी, दोन वाटांची, वर सांगितलेली. एक चार वाटांची, झूमचं आर४ त्यातलं, २०२३चं. त्यात ३२-बिट फ्लोट नावाची सोय आहे. तिचा अर्थ असा की आवाजाची पातळी आधी चुकीची लावली आणि एखादी तार सप्तकातली तान अंगावर आली, तरी आकड्यांत ती फाटत नाही. नंतर खाली ओढता येते. साध्या २४-बिटमध्ये तसं नाही. तिथे वरची मर्यादा म्हणजे भिंत आहे. आवाज तिच्यावर आदळला की सपाट होतो आणि तो सपाटपणा काही केल्या जात नाही. म्हणून तिथे थोडी जागा राखून पातळी लावायची. ताट भरायचं, पण काठापर्यंत नाही. २४-बिटमध्ये खालच्या बाजूला जागा इतकी असते की जरा हळू घेतलं तरी बिघडत नाही. कॅसेटच्या दिवसांतला माणूस मात्र सळसळीच्या भीतीने पातळी चढवतच नेतो. मीही नेत होतो.

तिसरी जात म्हणजे मिक्सर आणि रेकॉर्डर एकाच डब्यात. झूमचं लाइव्हट्रॅक एल-८, टॅस्कमचं मॉडेल १२. एल-८ला माइकच्या सहा जागा आणि हेडफोनची चार भोकं आहेत. चौघांना चार वेगवेगळी प्रमाणं कानात देता येतात. भजनी मंडळाला हे उत्तम. माझं मन त्याच्यावर बसलंही होतं. मग ध्यानात आलं की आम्हाला हेडफोन नकोच आहेत. आम्ही हातभर अंतरावर बसतो. एकमेकांचं सगळं ऐकू येतं, वहिनींच्या बांगड्यांसकट.

काही यंत्रांत ड्रम मशीन असतं, गिटारच्या अॅम्पच्या नकला असतात, शे-दीडशे इफेक्ट असतात. त्यांच्याबद्दल मला सांगण्यासारखं काही नाही.

शेवटी घेतलं ते झूमचं आर१६, जुनं. एका वादकाने ऑर्केस्ट्रा सोडला, त्याच्याकडून. २००९ सालचं मॉडेल. सोळा ट्रॅक, एका वेळी आठ आत. चिमुकला स्क्रीन, पण प्रत्येक ट्रॅकला आवाज कमी-जास्त करायचा खराखुरा सरकता फेडर आणि त्याच्या डोक्यावर एक बटण. लाल म्हणजे आवाज आत घेणार, हिरवं म्हणजे आतला ऐकवणार, दिवा नाही म्हणजे गप्प. अण्णांनी ते बघितलं आणि लगेच म्हणाले, "हे कळतंय." तेवढ्यासाठी पैसे वसूल.

यातही बारीक अक्षर होतंच. कंडेन्सर माइकला चालायला यंत्राकडूनच ४८ व्होल्टचा खुराक लागतो, फँटम पॉवर म्हणतात ती. आर१६मध्ये आठ वाटांपैकी ती फक्त दोनच वाटांवर येते, पाच आणि सहा. हे घेण्याआधी माहीत असावं, कारण मग सगळी बैठक त्यावरून ठरते. आमची अशी ठरली. पाचव्या वाटेवर वहिनींचा कंडेन्सर, सहाव्यावर माझ्या पेटीचा, एक आणि दोनवर तबल्याचे साधे डायनॅमिक माइक, ज्यांना खुराक लागत नाही. तंबोरा वहिनींच्याच मांडीवर असतो, मिरजेचा, त्यांच्या सासूबाईंच्या वेळचा. त्याला वेगळा माइक नाही.

कार्डाचं गणित वहिनींनी कागदावर करून दिलं. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे एका ट्रॅकला मिनिटाला जवळपास आठ एमबी. आमचे चार ट्रॅक, दोन तासांची बैठक, तर चार जीबीच्या आत. "बत्तीसच्या कार्डात आठ गुरुवार," त्या म्हणाल्या आणि खाली दोन रेघा मारल्या, फळ्यावर मारायच्या तशाच.

माइकच्या जागांवर आमचे दोन महिने गेले. त्याची मला गंमत वाटली. पेटीच्या जवळ माइक नेला तर भात्याचा सुस्कारा आणि पट्ट्यांची खटखट सुरांच्या पुढे धावतात. दोन हात मागे घेतला तर सूर जुळून येतात, पण तबला आत शिरतो. तबल्याचा माइक दायाँच्या, म्हणजे उजव्या तबल्याच्या, काठाशी नेला तर नुसती चाट, काठावरच्या बोटाचा आवाज, ऐकू येते, आणि डग्ग्यावर फार वाकवला तर अण्णांचं मनगट घासताना फुर्रफुर्र होतं. आमच्या हॉलचं म्हणाल तर फरशी टाइलची, एका भिंतीला शोकेस, त्यात नातवंडांच्या ट्रॉफ्या. डग्ग्याच्या एका ठरावीक घुमाऱ्याला त्यातला एक कप थरथरतो. कुठला ते शोधायला एक अख्खा गुरुवार लागला. कॅरममधला, उपविजेता.

पण आवाज वेगळे घ्यायचे ही जी मूळ इच्छा होती, ती काही पुरी होईना. बारा बाय सोळाच्या हॉलमध्ये तीन माणसं सतरंजीवर बसली की सगळ्यांचं सगळ्यांच्या माइकमध्ये जातं. वहिनींचा ट्रॅक एकटा लावला तरी त्यात तबला, पेटी, तंबोरा, खालून जाणाऱ्या रिक्षा, आणि एकदा चक्क शेजारच्यांचा कुकर, तीन शिट्ट्या. तबला वाढवला की त्यातलं गाणं वाढायचं. पेटी वाढवली की तबला दुरून यायचा आणि जवळूनही, एकाच वेळी, जुळ्या भावासारखा. चार फेडर होते खरे, पण ते एका दोरीने बांधलेले. एक ओढला की बाकीचे हलायचे.

त्या दिवसांत मी १९०२चा विचार करायचो. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग कलकत्त्याला आला आणि गौहर जानचं गाणं त्याने तबकडीवर घेतलं, तेव्हा माइक नव्हता, विजेचा काही संबंधच नव्हता. होता एक कर्णा. गाणारी त्याच्या तोंडाशी, साथीदार मागे आणि बाजूला. कुणाचा आवाज किती यायला हवा हे तो कुठे बसला यावर ठरायचं. फेडर म्हणजे सतरंजी. जास्त वाजतंय? मागे सरका. एवढंच मिक्सिंग. पुढची वीस-बावीस वर्षं, विजेचा माइक येईपर्यंत, जगभर असंच चाललं.

हे मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "मग आपण एवढ्या वायरी कशाला आणल्या?"

श्रावणातला एक गुरुवार. संध्याकाळभर पाऊस कोसळून नुकताच थांबला होता. वहिनींनी गौड मल्हार लावला होता. चार-पाच मिनिटं झाली असतील, वीज गेली. पंखा, ट्यूब, रेकॉर्डर, सगळं एकदम बंद. पण त्या थांबल्या नाहीत. आलाप तसाच पुढे गेला, अण्णांनीही हात काढला नाही, मीच काय तो पेटी सोडून अंधारात धडपडलो. यंत्रात पेन्सिल सेलच्या सहा जागा आहेत. मोबाइलच्या उजेडात सेल भरले, दोन उलटे घातले होते ते काढून सुलटे केले, यंत्र सुरू झालं, नवा प्रोजेक्ट उघडला, बटणं दाबली, लाल दिवे बघितले आणि पेटीवर परत येऊन बसलो.

अशी शांतता आमच्या हॉलमध्ये मी पूर्वी ऐकली नव्हती. फ्रीज बंद होता. इतकी वर्षं तो एक सूर धरून बसलेला असतो, तो गेल्यावरच कळला. खालचा पाण्याचा पंप बंद, शेजारचा टीव्ही बंद. बाल्कनीच्या कठड्यावरून पागोळी गळत होती, थांबून थांबून. एकमेकांचे चेहरे दिसत नव्हते आणि हनुवटीचं माझं सगळं तत्त्वज्ञान तिथे निकालात निघालं, कारण अण्णा तरीही समेवर अचूक होते. नंतर विचारलं तर म्हणाले, "त्यांचा श्वास येतो की ऐकू." अठरा मिनिटं वाजवलं. वीज आली तेव्हा तिघांनाही जरा रागच आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन हेडफोन लावले. पाचवा ट्रॅक होता, एक होता, दोन होता. सहावा कोराच. अंधारात मी सगळी बटणं लाल केली, माझंच राहिलं. सोळा वर्षांतली चांगली अठरा मिनिटं आणि पेटीच नाही. मला रडायला यायचं बाकी होतं. चहा गार झाला.

मग तीनच फेडर वर केले आणि मुकाट्याने ऐकत बसलो. पेटी होती. वहिनींच्या माइकमध्ये होती, तबल्याच्या दोन्ही माइकमध्ये होती, गळून आलेली. थोडी मागून, डाव्या अंगाने, गाण्याला जरा लगटून, कधी तंबोऱ्यात मिसळून दिसेनाशी होत. जिथे वहिनी थांबतात तिथे तेवढी वर येत होती. बाकी वेळ खाली.

संध्याकाळी अण्णांना ऐकवलं. पेटीचा ट्रॅक राहिला हे आधी सांगितलं नाही. डोळे मिटून त्यांनी सगळं ऐकलं, मांडीवर बोटं चालत होती. संपल्यावर म्हणाले, "आज पेटी जागेवर बसली. एरवी तुम्ही आमच्या डोक्यावर बसता राव."

एरवी मिक्सिंग मी करतो. पेटीचा फेडर कुठे असतो ते मला माहीत आहे.

पुढच्या गुरुवारी वहिनी आल्या, तंबोरा गवसणीतून काढला, आणि मी सहाव्या वाटेची वायर जोडायला वाकलो तशा म्हणाल्या, "भाऊजी, ते जोडा हवं तर. पण परवा बसला होतात तिथेच बसा. मी टाइल मोजून ठेवलीय. कपाटापासून चौथी."